सात वर्षांची माया

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर नुसत्या नजरेने सांगतील. स्वतःचं एकही माप आयुष्यात खरं सांगितलेलं नाही. कोरोना होऊन हॉस्पिटलात भरती झाले, तर तिथेही तोच खाक्या.

आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरने फोनवर मला यांचा फॉर्म वाचून दाखवला. "वय साठ. डायबेटिस नाही. सिगारेट कधीतरी, लग्नाकार्यात. बरोबर ना, काकू?"

मी कपाळावर हात मारला. डायबेटिसची गोळी तर रोज सकाळी मीच यांच्या हातावर ठेवते. आणि सिगारेटी दिवसाला दहा. रोज कुणाची एवढी लग्नं असतात?

"खोटं निघालं तर काही बिघडतं का?" मी विचारलं.

"बिघडतं ना. पासष्टच्या वर वय, डायबेटिस, सिगारेट, असं असलं की न्यूमोनियाची भीती जास्त. अशा पेशंटना आम्ही आमच्या टेबलासमोरच्या खोलीत ठेवतो, तासातासाला ऑक्सिजन बघतो. काका तर पार टोकाच्या खाटेवर आहेत."

गोळी आणि सिगारेट सांगताना जीभ अडली नाही. अडली ती वयापाशी. लग्न ठरताना यांनी सात वर्षं गिळली होती. दुसऱ्याच वर्षी मशिनच्या खणात, बटणांच्या डबीखाली, मला शाळेचा दाखला सापडला. पुढची छत्तीस वर्षं मी चकार शब्द काढला नाही. माणूस दर पंधरा दिवसांनी इतक्या मनापासून केस काळे करतो, त्याला कशाला उघडं पाडायचं? पण आता प्रश्न जिवाचा होता.

"सिस्टर, शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. यांच्या वयात सात वर्षांची माया आहे. उसवा ती. सदुसष्ट लिहा."

त्याच दुपारी यांना टेबलासमोर हलवलं. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन घसरायला लागला तो लगेच कळला, छातीच्या फोटोत न्यूमोनिया दिसला आणि उपचार वेळेत सुरू झाले. बारा दिवसांनी हे घरी आले ते तोंड फुगवूनच.

"परक्या पोरीला माझं वय सांगितलंस! तुला कधीपासून माहीत?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले की. गरज पडली तेव्हा."

यांनी अंगावर लोंबणारा सदरा उतरवून स्वतःच्या छातीला टेप लावला.

"किती?" मी विचारलं.

"चाळीस."

मी टेप बघितला. छत्तीस.

यांनी खडूने खुणा केल्या आणि जास्तीचं कापड कापायला कात्री उचलली. मी हात धरला. "कापू नका. नुसती टीप मारा. अंग भरलं की लागेल."

कात्री खाली ठेवून यांनी विचारलं, "किती माया ठेवू?"

"आहे तेवढी सगळी," मी म्हणाले.