रुग्णाच्या शब्दांत

आमच्या डेंटल कॉलेजच्या वर्गात तिला सगळे माई म्हणायचे. वयाने माझ्याएवढीच, पण कुणाला ताप आला, कुणाचं घरी बिनसलं, की सगळे तिच्याकडेच. शेवटच्या वर्षी माझी खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा मीही तिलाच गाठलं. लोकांच्या दाढा मी बिनधास्त काढते, पण स्वतः त्या खुर्चीत बसायचं म्हटलं की माझे हातपाय गार पडतात, हे मी पहिल्यांदा कुणापुढे तरी कबूल केलं.

"त्यात काय? तुझं रूट कॅनाल मी करते," ती म्हणाली. "तुझा हात वर गेला की माझं मशीन बंद. शब्द देते."

जेवणाच्या सुट्टीत क्लिनिक रिकामं असताना तिने मला खुर्चीत घेतलं. सुई दिसू नये म्हणून हात मागून आणला. मी तीनदा हात वर केला, तीनही वेळा ती थांबली. मग मला रडूच फुटलं. सात वर्षांची असताना बाबांनी "नुसतं दाखवून येऊ" म्हणून मला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तिथे त्यांनीच माझे दोन्ही हात धरून ठेवले. भीतीने माझा फ्रॉक ओला झाला. घरी आल्यावर बाबांनी ते काकाला फोनवर हसत हसत सांगितलं. हे मी आईशीही कधी बोलले नव्हते. माईला सांगितलं.

तिने माझे डोळे पुसले, दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं. "उरलेलं पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात सेमिनार होता. विषय होता रुग्णाची भीती आणि आपली सहानुभूती. माई बोलायला उभी राहिली. पडद्यावर पहिली ओळ आली: 'स्त्री, वय तेवीस, दंतवैद्यकाची विद्यार्थिनी.' पुढच्या ओळीवर 'रुग्णाच्या शब्दांत' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली बाबांचे हात, फ्रॉक, काकाचा फोन, सगळं. वाचताना ती मध्येच थांबून डोळे टिपत होती. मागे कुणीतरी खुसखुसलं. आठवडाभर सुजलेला गाल घेऊन फिरणारी मुलगी वर्गात एकच होती. एकेक करत माना माझ्याकडे वळल्या.

"याला म्हणतात रुग्णाचं ऐकून घेणं," सेमिनार घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. पहिलं बक्षीस माईला मिळालं.

जिन्यात मी तिला अडवलं.

"नाव कुठे घेतलं मी तुझं?"

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली. अगदी सहज, आणि जिना उतरून गेली.

दोन दिवसांनी ती संमतीचा फॉर्म घेऊन आली. तेच भाषण दंतवैद्यांच्या परिषदेला पाठवायचं होतं आणि रुग्णाची सही लागत होती. तारीख तिने आधीच टाकून ठेवली होती, दाढ उघडली त्या दिवसाची.

"एवढं कर ना गं. नाहीतर माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल."

मी तारीख खोडली, सहीच्या जागी 'संमती दिलेली नाही' असं लिहिलं आणि तिच्यादेखत फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो दोनदा वाचला. भाषण परिषदेला गेलं नाही. बक्षीस मात्र तिच्याकडेच राहिलं, आणि मैत्रिणीचं चांगलं झालेलं हिला बघवलं नाही, असं मला वर्गाने ऐकवलं. माईच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे तर जास्तच.

दाढ अर्धवटच होती. ती दुखून दुखून झोप उडाली तेव्हा मी वरच्या मजल्यावरच्या, मला ओळखत नसलेल्या एका सरांकडे गेले. त्यांनी दिवा लावण्याआधी स्टूल पुढे ओढलं.

"भीती वाटते का? आधीचा काही वाईट अनुभव? असेल तर सांग, आपण सावकाश करू."

माणूस भला होता. उत्तरासाठी खरोखर थांबला होता.

"नाही सर, काहीच नाही," मी म्हणाले आणि तोंड उघडलं.