भात्यावरचा हात

या, असे पुढे सरून बसा. मागे बसलात तर गोष्ट अर्धीच ऐकू येईल, आणि ही अर्धी ऐकण्यासारखी नाही.

पेटीवाल्यांनी दुरुस्तीला आलेल्या बाजाच्या पेटीची एक पट्टी दाबून धरली आणि मान हलवली. त्यांची धाकटी लेक भाता मारू लागली. आतलं पितळी पातं चिरलं होतं. सुराऐवजी नुसती फुसफुस आली. त्यांनी बोट वर केलं. तिचा हात तिथेच थांबला.

"डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं आता फार साथ देणार नाहीत," चष्मा पुसत ते म्हणाले. "शुद्ध हरपली तर तुमच्या वतीनं कुणी बोलायचं, ते आत्ताच सांगा म्हणाले. मी तुझं नाव दिलंय."

"माझं? दादा आहे की! सारखा फोन करत असतो तुम्हाला."

"हो. काल तर नुसता माझा खोकला ऐकायला केला होता."

ती हसली नाही.

"म्हणजे दगडाच्या काळजाची मीच सापडले का, बाबा?"

"लहानपणी तुम्ही आळीपाळीनं भाता मारायचात. मी बोट वर केलं तरी तो आपला मारतोय. 'अजून एकदा, बाबा, येईल सूर!' तू मात्र थांबायचीस."

"थांबायचे, आणि मागच्या दारी जाऊन रडायचे. ते कुठे पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलंय." त्यांनी चिरलेलं पातं अलगद सोडवलं. "दगड रडतो का कधी?"

पुढे थंडीत ती वेळ आलीच. दवाखान्यात एक यंत्र बाबांच्या छातीत हवा भरत होतं. छाती वर यायची, खाली जायची. त्यात बाबा कुठे नव्हते.

"आता ते शुद्धीवर येणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्र थांबवायचं का, तुम्ही सांगाल तसं करू."

दादानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, अजून एक दिवस. येतील ते. मी सांगतो ना, येतील."

तिनं बाबांच्या हाताकडे पाहिलं. बोट चादरीवर निपचित पडलं होतं. ते वर होईल म्हणून ती बघत राहिली, बराच वेळ. मग दादाच्या मुठीतून हात सोडवून तिनं स्वतःचं बोट वर केलं.

दादा अजून तिच्याशी धड बोलत नाही.

पेटीवाल्यांची काळजी नको. त्यांनी सुरात आणलेल्या पेट्या वाजताहेत तोवर त्यांचं स्मरण होत राहील. तुम्ही आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या धाकटीला तेवढं आठवा.