बर्फाच्या कारखान्याजवळचं पिवळं घर

माझ्या भावाने, नासारियोने, माणूस मारला तो गाण्यावरून. 'राखेचा पलंग' तेव्हा सात आठवडे पहिल्या नंबरावर होतं आणि त्याच सुमारास नासारियोची ठरलेली मुलगी त्याला सोडून गेली. गुत्त्यात कासिमिरो आपोदाका गाण्याच्या पेटीत नाणं टाकायचा, तेच गाणं लावायचा आणि माझ्या भावाकडे बघून हसायचा.

"बंद कर ते," नासारियो म्हणाला.

"का रे? तुझा पलंग गार पडला का?" असं म्हणून कासिमिरोने पुढचं नाणं टाकलं.

नासारियोने त्याला पेटीवरच सुऱ्याने तीनदा भोसकलं. काच फुटली, रक्त तबकड्यांवर उतरलं, आणि ते मेलं गाणं तरीही शेवटपर्यंत वाजलं.

मग कासिमिरोचे दोन भाऊ डोंगरातून आमच्या लोस मोचिस शहरात उतरले. त्यांनी नासारियोला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं नाव माहीत होतं. त्यांनी आमच्या मामाचे दोन्ही गुडघे पहारीने फोडले. मामा बोलला नाही. बोलणार काय, त्याला पत्ताच ठाऊक नव्हता. नासारियो आणि आई रुळांपलीकडे एका मैत्रिणीच्या मागच्या खोलीत लपले होते, हे फक्त मला माहीत होतं.

मी रेडिओवर फोन घ्यायची. रविवारी दुपारी आठवड्याची दहा गाणी लागायची, उलट्या क्रमाने, आणि लोक फोनवर मत द्यायचे. कुणाकडून, कुणासाठी, कुठलं घर, हे सांगितल्याशिवाय मत धरायचं नाही, हा नियम माझाच. नाहीतर एकेक रिकामटेकडा पन्नासदा फोन करतो. निवेदक लेओकादियो माझी चिठ्ठी जशीच्या तशी वाचायचा.

अठ्ठावीस जुलै १९७४ ला सान नासारियोचा, म्हणजे भावाला ज्याचं नाव ठेवलं त्या संताचा, दिवस रविवारीच आला. साडेअकराला आईने किराणा दुकानातून फोन केला.

"ओब्दुलिया, माझं मत 'रविवारचा झगा'ला. नासारियोच्या नावाने."

"आई, डोकं फिरलंय का तुझं? अख्खं गाव ऐकतं!"

"ऐकू दे. ते दुसरं वाजलं की पोर भिंतीवर डोकं आपटतं. कपाळ फोडून घेतलंय त्याने. आज त्याच्या संताचा दिवस. आज तरी ते पहिल्या नंबरावरून खाली येऊ दे."

"नाव मी लिहिणार नाही."

"मग काय समजायचं त्याने? आपल्याला कुणी उरलं नाही म्हणून?"

आमच्याकडे संताच्या दिवशी रेडिओवर नाव आलं नाही, तर माणूस मेल्यातच जमा. आई रडायला लागली. तेवढ्यात लेओकादियोने दारातून डोकं घातलं.

"दुलिया, दोन्ही गाणी बरोबरीत आहेत गं. एक मत दे कुठूनही. पण घरासकट हं, तुझाच नियम!"

मी चिठ्ठी लिहिली. नाव खरं, घर खोटं. 'नासारियोसाठी, आईकडून, बर्फाच्या कारखान्याजवळचं पिवळं घर.' गेल्या वर्षभरात मी शहराच्या त्या टोकाला कधीही गेले तरी ते घर कुलूपबंदच असायचं. जाऊ देत आपोदाकांना तिथे, घालू देत लाथा रिकाम्या दाराला. मला हसूही आलं. स्वतःच्या हुशारीवर एवढी खूश मी आजवर झाले नव्हते.

'रविवारचा झगा' पहिलं आलं. लेओकादियोने चिठ्ठी झोकात वाचली. कार्यक्रम संपून अर्धा तास झाला नसेल, तर बर्फवाला धापा टाकत आत आला. म्हणाला, तुम्ही सांगितलेल्या घरात माणूस मारला.

मी धावत गेले. दाराला कुलूप नव्हतं, खिडकीला नवा पडदा होता. टेबल उलटं पडलं होतं, मक्याची आमटी फरशीभर सांडली होती आणि त्या आमटीत एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा पडला होता. जबडा गोळीने उडाला होता. छातीवरची भोकं मोजता येत नव्हती. साखर कारखान्यात नवा लागलेला, गुरुवारीच घर भाड्याने घेतलेला सेल्सो. कॅलेंडरात सान सेल्सो सान नासारियोच्या शेजारीच असतो, दोघांचा दिवस एकच. त्याची आई गावाहून त्याच्यासाठी जेवण करायला आली होती. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन येईल त्याला तेच सांगत होती.

"त्यांनी विचारलं, रेडिओवर ऐकलं, आज तुझाच दिवस ना? पोर हसून हो म्हणालं. खुर्ची पुढे केली त्यांना."

आपोदाका काम झालं समजून डोंगरात परतले. नासारियो महिन्याभरात उजळ माथ्याने फिरू लागला. संताने राखलं, असं आई म्हणते. मी तिला कधी काही सांगितलं नाही आणि त्याबद्दल मला तिचा अजून राग येतो.

पुढच्या रविवारी एका बाईचा फोन आला.

"मी सेल्सोची आई. नाव वाचताना तुमची चूक झाली असेल, पण घर आमचंच सांगितलंत. त्याला काय आनंद झाला होता! म्हणाला, आई, चार दिवस झाले येऊन, आणि बघ, मला इथे कुणीतरी ओळखतं. ते गाणं पाठवलं कुणी, बाई? मला त्यांचे आभार मानायचेत."

मी कोरी चिठ्ठी पुढे ओढली.

"नसेल ठाऊक तर राहू दे. आज माझं मत घ्या, तेच गाणं. सेल्सोसाठी, आईकडून."

मग ती थांबली. घर विचारायची पाळी माझी होती.