वकीलबाई आणि माझी जाऊ

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. मापं ती कधी लिहून ठेवत नाही. तीस-तीस गिऱ्हाइकांच्या छात्या, कंबरा, बाह्या तिला तोंडपाठ. तिच्या स्मरणशक्तीचे आम्ही गोडवे गायचो. कुणी कागद पुढे केला की ती म्हणायची, "चष्मा घरी राहिला." आठ वर्षं हे चाललं. तिला चष्मा नव्हताच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचायला शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शिकवणी माझ्या पुढच्या खोलीत, दुपारी चारला. जावेचं घर लहान, म्हणून तिचं मशीनही तिथेच, खिडकीपाशी.

एकदा बारा वर्षांची एक मुलगी आली. घ आणि ध, भ आणि म यांत तिची गल्लत व्हायची. जोडाक्षर आलं की गाडी रुतलीच. पण वाचन टाळायला अशी बिनतोड कारणं काढायची की दोन दिवसांत तिचं नाव वकीलबाई पडलं.

तिसऱ्या दिवशी तिने पाटी सरकवली. "'किती'मधली पहिली वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर. हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच," मी म्हटलं. "गोंधळ लिपीचा आहे, तुझा नाही."

"माझाच आहे. मी ढ आहे. सगळा वर्ग म्हणतो."

मशीन थांबलं.

"मग मीही ढ," जाऊ म्हणाली. "मलाही वाचता येत नाही."

मी बघतच राहिले. तिच्या हातात कापड तसंच होतं, कानशिलं लाल झाली होती. "अशा बघू नका ताई. पुढचं अक्षर लावेपर्यंत मागचं निसटतं. शाळेत छड्या खाल्ल्या, मग शाळाच सोडली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वकीलबाई मात्र लगेच बोलली.

"पण तुम्ही शिवता किती छान!"

"हात कुठे ढ आहेत?"

"मग बसा इथे," म्हणत तिने शेजारचं स्टूल ओढलं.

त्या दिवसापासून दोघी एकत्र शिकू लागल्या. वाळूच्या ताटात बोटाने अक्षर गिरवायचं आणि गिरवताना मोठ्याने म्हणायचं. शब्द टेबलावर टिचक्या मारत तोडायचा, मग जोडायचा. पुठ्ठ्याला खिडकी कापून एका वेळी एकच ओळ बघायची. घाई नाही, अंदाजपंचे नाही. वेलांटीवरून वकीलबाई पुन्हा भांडली, तेव्हा जाऊ म्हणाली, "शर्टाला खिसा आधी लावतो, बाह्या नंतर. घालताना कोण विचारतं?" यावर वकीलबाईने ताटात वेलांटी आधी काढली.

पहिले दोन महिने मुंगीच्या पावलांनी गेले. चौथ्या महिन्यात जावेने एक पानभर गोष्ट वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली, उगीचच, हौस म्हणून.

आठव्या महिन्यात वकीलबाई दप्तरासकट धावत आली. वर्गात धडा वाचताना सर नेहमी तिला वगळायचे. त्या दिवशी तिने आपणहून हात वर केला होता.

"पाच ठिकाणी अडखळले," ती धापा टाकत म्हणाली. "दोघं हसली. सर म्हणाले, पुरे. मी म्हटलं, सर, परिच्छेद अजून संपला नाही."

"मग?"

"मग संपवला!"

जावेने तिला असं कवटाळलं की पदराला खोचलेल्या टाचण्या तिच्या फ्रॉकला टोचल्या.

पुढच्याच आठवड्यात जाऊ मला घेऊन शिवण संस्थेत गेली. तिथल्या शिवणकामाच्या परीक्षेला बसायचं तिने कधीच ठरवलं होतं, मला सांगितलं नव्हतं इतकंच. अर्ज दोन पानी होता. ती रांगेत उभ्याउभ्याच एकेका रकान्यावर बोट ठेवून पुटपुटत होती. माझा हात आपोआप पुढे गेला.

"ताई, हात मागे," ती म्हणाली.

खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, मी भरून देऊ का?"

"नको. जरा थांबा, शेवटचं पान राहिलंय."

तो थांबला. रांगही थांबली. जावेने शेवटचा रकाना भरला, सगळं एकदा पुन्हा वाचून काढलं, एक काना राहिला होता तो दिला, आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.