खुंटीवरचा बुधाजी

कुणाला खरं वाटणार नाही, वाटूही नये. पण लालबागच्या एका चाळीत बुधाजी अख्खा संप खुंटीला लटकून झोपला.

झोपला तो रागाने. राग एका शब्दावर होता, अ‍ॅडजस्ट. गिरणीत हा शब्द पान्यासोबत यायचा. विणायचा माग, म्हणजे साचा, खडखडला की जॉबर तो अ‍ॅडजस्ट करायचा आणि कापड सरळ उतरायचं. तोवर बुधाजीचं काही म्हणणं नव्हतं. पण पगार लांबला, अ‍ॅडजस्ट कर. नळावर बादली मागे सार, अ‍ॅडजस्ट कर. आमटीत डाळ सापडेना, तर खानावळवाली कालिंदीसुद्धा तेच म्हणायची. पान्याखाली दरवेळी बुधाजीच.

खोलीत गावचे बारा गडी. तीन पाळ्या होत्या म्हणून मावायचे. एक उठून कामावर गेला की त्याच्या उबदार अंथरुणात दुसरा शिरायचा. संप झाला, भोंगा थांबला आणि बाराही जण एकदम घरात. पाठ टेकायला जागा उरेना. खोलीचा कारभारी विठोबा, त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "बुधा, तू धाकटा. गावाला जा. जरा अ‍ॅडजस्ट कर."

बुधाजी पेटला. आज अंथरूण सोडलं की उद्या साचाही गेला, संप मिटल्यावर गावाकडच्याला कोण हाक मारतंय? अ‍ॅडजस्ट साच्याला करतात, माणसाला नाही, असं विठोबाला सुनावून त्याने सदऱ्याची कॉलर खुंटीत अडकवली, पाठ भिंतीला लावली नि डोळे मिटले. जमीन तुमची, भिंत माझी.

तिथेच तो घोरायचा, वरून चुना झडायचा. त्याच्या रागाने भिंत अशी तापली की पलीकडच्या रमाबाईंनी तिच्यावर पापड वाळवले. पुढे गिरणी पाडली, तिथे टॉवर चढला, तरी बुधाजी काही खुंटीवरून...

"पुरे झाल्या गजाली, भावजी," बुधाजीची बायको शेवंता सुपातले तांदूळ निवडता निवडता गोष्ट सांगणाऱ्याला म्हणाली. ऐकणारे सगळे तिच्याकडे वळले. "सगळं खोटं. संप झाला त्याच वर्षी शिमग्याला ट्रंक घेऊन गावी आले हे. थोरल्या दिरांच्या दारात उभे, आत पोरं दाटीवाटीने निजलेली. आणि ह्यांच्याच तोंडून ऐकलं मी, 'दादा, थोडं अ‍ॅडजस्ट कर.'"