सगळ्यांची संमती

"नुसतं 'दाकॉर' म्हणायचं आणि आवाज शेवटी वर न्यायचा. दाकॉर? म्हणजे, चालेल ना सगळ्यांना?" दर्शना म्हणाली. "घरात बोलताना लांबलचक कोणी विचारत नाही."

"आणि चालणार नसेल तर?"

"तर 'नों'. काकू, तुम्ही खरंच नाही म्हणणार?"

"म्हणणार."

मथुराताई तांडेल पदर सारखा करून लॅपटॉपसमोर बसल्या. लॅपटॉप दर्शनाचा. ती बोरिवलीला मथुराताईंच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची आणि कॉलेजात फ्रेंच शिकायची. फ्रान्सला, ब्रेस्टमधल्या नातीशी बोलता यावं म्हणून मथुराताई दोन वर्षं तिच्याकडे शिकत होत्या. मुलगा सुयोग तिथे बोटींच्या इंजिनांचं काम करायचा. सात आठवड्यांपूर्वी तो झोपेतच गेला. मथुराताईंचा व्हिसा वेळेत झाला नाही. दहन तिकडेच उरकलं.

अस्थी सुनेकडे, क्लेरकडे होत्या. त्या मढला याव्यात, एवढंच मथुराताईंचं मागणं होतं. मढ कोळीवाड्यातल्या त्यांच्या सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या अस्थी तिथल्याच समुद्रात सोडल्या होत्या. आज ठरायचं होतं.

चौतीस वर्षं त्या महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होत्या. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही घेताना मोठ्याने बोलणाऱ्या नातेवाइकाकडे त्या आधी बघायच्याच नाहीत. मागे भिंतीला टेकून गप्प उभ्या असलेल्या माणसाला विचारायच्या, "तुला काय वाटतं रे? तू बोल." डॉक्टर वैतागायचे. "सिस्टर, इथे ग्रामसभा भरवलीय का?" तरी त्यांनी ती सवय सोडली नाही.

पडद्यावर क्लेर आली. शेजारी तिचे वडील आणि नऊ वर्षांची नात आनूक. मथुराताईंना कळावं म्हणून क्लेर सावकाश बोलत होती. घराजवळ एक लहान किनारा आहे. सुयोगने आनूकला तिथेच पोहायला शिकवलं. सगळ्या अस्थी तिथे सोडाव्यात, असं तिला वाटतं. तिने एकेकाकडे पाहिलं.

"तू ल मोंद ए दाकॉर?" सगळ्यांना चालेल ना?

"वी," म्हणत तिच्या वडिलांनी होकार दिला.

मथुराताईंनी श्वास घेतला. 'नों' ओठांवर होता. पण त्यांची नजर आनूककडे गेली. ती खुर्चीच्या पाठीला टेकून, खाली मान घालून बसली होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"ए त्वा, आनूक?" त्यांनी विचारलं. "आणि तू?"

आनूक आईकडे बघून हळू आवाजात काहीतरी बोलली. मथुराताईंना अर्धंच समजलं. त्यांनी दर्शनाकडे पाहिलं.

"ती म्हणतेय, बुधवारी तिला शाळा नसते," दर्शना म्हणाली. "बुधवारी ती आणि बाबा त्या किनाऱ्यावर जायचे. बाबा तिथे असेल तर तिला जाता येईल."

मग आनूकनेच मान वर केली.

"ए त्वा, आजी?"

मथुराताईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"दाकॉर," त्या म्हणाल्या.

कॉल संपल्यावर त्यांनी मढला धाकट्या भावाला फोन लावला.

"चंदू, अस्थी नाही येणार. रविवारी होडी नको काढूस."

"का गो बाय? ती नाय बोलली?"

"मीच हो म्हटलं."

"असं कसं? सगल्यांना सांगून ठेवलंय मी. भटजीला पन."

"त्यांना कळव. मी बोलेन नंतर."

"मंग मी मासलीला जाऊ रविवारी?"

"जा."

दर्शना वायर गुंडाळत होती. फोन हातात धरून मथुराताई तशाच बसून राहिल्या.

"दर्शना, तिकडचं पाणी गार असतं ना गं?"

"हो काकू. उन्हाळ्यातसुद्धा."

"त्याला लहानपणी गार पाण्याने सर्दी व्हायची," त्या म्हणाल्या.