चौथं रीळ

मेक्सिकोचा आत्मा समजून घ्यायचा असेल, तर आमचे घोड्यांचे आणि गाण्यांचे विनोदी चित्रपट पाहिलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. या आत्म्याला दर सात मिनिटांनी गाणं लागतं, नदी पोहून आल्यावरही त्याची टोपी कोरडी असते, आणि त्याची आई त्याच्याहून फार तर चार वर्षांनी मोठी दिसते. तरीही नायकानं पहिली आरोळी ठोकली की माझ्या अंगावर काटा येतो. सान हासिंतोच्या एकुलत्या थिएटरात प्रोजेक्टर चालवत मी ती शेकडो वेळा ऐकली.

१९४९ सालच्या एका रविवारी मात्र काटा आरोळीच्या आधीच आला. दोन गावांत मिळून सिनेमाची प्रत एकच होती. सांता रीता गावात एकचा खेळ झाला की रिळांचे सहा डबे बसनं आमच्याकडे, चारच्या खेळाला. त्या दिवशी पाच आले.

"चौथा कुठंय?" मी बसवाल्या वेन्सेस्लाओला विचारलं.

"तिकडंच. दोन नायक एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात ना, त्याला पब्लिकनं तीनदा वन्समोर दिला. खेळ संपल्यावर पुन्हा तेच लावून बसलेत."

"मग थांबायचं की."

"मास्तर, बसमध्ये दोन डुकरं होती आणि एक नवरी. कुणाकुणाला थांबवू? पुढच्या फेरीला आणतो. साडेपाच."

चौथ्या रिळात डॉन एपिग्मेनिओ होते. शूटिंगला घोडे त्यांनी दिले होते, आणि त्या बदल्यात जत्रेच्या दृश्यात स्वतः घोड्यावर बसले होते. थिएटर त्यांचं, मी राहायचो ती वरची खोलीही त्यांचीच. आज त्यांनी पाद्री, न्यायाधीश आणि सासरची अकरा माणसं बोलावली होती. कमरेला पिस्तूल होतं. आदल्या वर्षी त्यांनी पडद्यावरच्या खलनायकावर गोळी झाडली होती, तेव्हापासून पडद्याला ठिगळ होतं.

तिसरं रीळ संपत आलं, तेव्हा तिकिटं फाडणाऱ्या तोमासाबाई वर प्रोजेक्टरच्या खोलीत आल्या.

"थांबवा खेळ. मशीन बिघडलं म्हणा."

"थांबवलं की ते वर येतील. आणि मशीन चालू आहे हे त्यांना कळतं."

"मग पाचवं लावा."

"पाचव्यात भांडण मिटतं. झालंय ते चौथ्यात."

"मास्तर, या सिनेमात भांडण कशावरून झालं हे आजवर कुणाला आठवलंय?"

मी पाचवं लावलं. पडद्यावर नायक, न झालेल्या भांडणाबद्दल, गुडघ्यावर बसून माफी मागू लागला. नायिकेनं रडत त्याला क्षमा केली. पब्लिकही रडलं. कुणाला काही खटकलं नाही. फक्त पहिल्या रांगेतली एक रुंद टोपी हळूहळू मागं वळली आणि माझ्या झरोक्याकडे रोखून राहिली.

एकच प्रोजेक्टर असल्यानं रीळ बदलताना दिवे लावावे लागत. दिवे लागले तेव्हा डॉन उभे होते. न्यायाधीश त्यांना काहीतरी विचारत होते, आणि ते झरोक्याकडेच बघत होते. 

सहाव्यात लग्न लागलं. घंटा वाजल्या, कबुतरं उडाली. बस आली नव्हती. पाद्रीबाबांनी उठून कपडे झटकले. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला, आणि वेन्सेस्लाओ डबा छातीशी धरून जिना चढून आला. या वेळी मी दिवे लावलेच नाहीत. अंधारात, बोटांनी चाचपत, चौथं चढवलं.

पडद्यावर नवरा-नवरी कडाकडा भांडायला लागली. लोक पुन्हा खाली बसले.

"बघ," अंधारातून एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "लग्नाला आठवडा होत नाही तोवर सुरू."

मग टोमण्यांचं गाणं झालं, मग जत्रा आली. टाळ्या पडल्या. लगेच जिन्यावर जड बूट वाजले. तोमासाबाई डब्यांमागं सरकल्या. दार उघडलं. डॉन एपिग्मेनिओंचा हात कमरेवर होता.

"मास्तर."

"जी."

"माझा भाग शेवटी ठेवलात."

मी मशीनला पाठ टेकवून उभा राहिलो.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुन्हा लावा."

तीनदा लावला. ते दृश्य सहा सेकंदांचं आहे, आणि त्यात डॉन एपिग्मेनिओ पाठमोरे आहेत.